फूटपट्टी त्यांची, डोकं आमचं



'रिटार्ड' हा इंग्रजी शब्द आपल्याकडं चांगलाच रुळलाय. पुण्यामुंबईच्या कॉलेजांच्या कट्ट्यावर उभं राहून ऐका. गणित सुटलं नाही, रिटार्ड. कॅच सुटला, रिटार्ड. मत पटलं नाही, रिटार्ड. ज्या पोराला इंग्रजीत सलग चार वाक्यं जुळवता येत नाहीत तोही हा एक शब्द झकास फेकतो. मराठीत शिवी दिली की गावंढळ, इंग्रजीत दिली की मॉडर्न. आधी 'येडा' होतं, मग 'मेंटल' आलं, आता माल इम्पोर्टेड.

कुणी म्हणेल, रोज कुठं ना कुठं आपल्या माणसावर हात पडतोय आणि संपादक इंग्रजी शिव्यांचा कीस काढत बसलेत. काढणारच. कारण हा शब्द शिवी म्हणून जन्मलेला नाही. तो कागदावर जन्मला, डॉक्टरच्या सहीनं वाढला, शाळेत गेला, कोर्टात गेला आणि मग रस्त्यावर आला. माणसाला आधी कागदावर खालचा ठरवायचा आणि मग तोच कागद रस्त्यावर शिवी म्हणून फिरवायचा, हा धंदा आपल्याला नवा आहे काय? जातीचं नाव आधी वतनाच्या कागदात असतं, गावकीच्या कामात असतं. त्याला 'डा' लागून शिवी मागनं होते.

म्हणून या शब्दाची जन्मकुंडली मांडायची आहे. कुंडलीवर आमचा विश्वास नाही, पण ही खरी आहे.

मूळ लॅटिन शब्द 'टार्डुस', म्हणजे संथ. त्यावरनं 'रिटार्ड' म्हणजे उशीर करणं, वेग कमी करणं. इंजिनाच्या पुस्तकात तो शब्द आजही साध्या अर्थानं येतो, तिथं कुणाचा अपमान होत नाही. माणसाला तो चिकटला तो दुसरे शब्द नासल्यावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी माणसाच्या डोक्याच्या पायऱ्या पाडल्या. ज्याचं 'मानसिक वय' तीन वर्षांच्या आत तो इडियट. तीन ते सात, इंबेसाइल. त्याच्या वरची आठ ते बारा वयाची पायरी होती, तिला धड नाव नव्हतं. हेन्री गॉडार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९१० साली ग्रीक भाषेतून एक शब्द उचलून ते नाव पाडलं: मोरॉन. आज हे तीनही शब्द शिव्या आहेत, तेव्हा ते शास्त्र होतं. पायऱ्यांवर बसवलेली माणसं, प्रत्येक पायरीला वेगळं नाव आणि पायरी ठरवणारा स्वतः वर माडीवर. आपल्याला हे चित्र कुणी समजावून सांगायची गरज नाही.

मोजायची फूटपट्टी फ्रान्सातून आली. आल्फ्रेड बिने यानं १९०५ साली पॅरिसच्या शाळांसाठी ती चाचणी बनवली, कुठल्या पोराला जादा मदत लागेल ते हुडकायला. पोराच्या कपाळावर कायमचा शिक्का मारायला ती नव्हती, हे त्यानं स्वतः बजावलं होतं. अमेरिकेत पोचल्यावर नेमका शिक्काच झाला. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर युरोपातून गरिबांच्या बोटी लागायच्या. १९१३ च्या सुमारास गॉडार्डच्या माणसांनी तिथं फूटपट्टी लावली. समोर कोण? बोटीच्या तळातून आलेले, दमलेले, भेदरलेले ज्यू, इटालियन, हंगेरियन, रशियन. इंग्रजी येत नाही. कित्येकांनी आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही. तपासायला निवडलेल्यांत पाचातले चार मंदबुद्धी निघाले! फूटपट्टी चुकली असेल असं कुणाला वाटलं नाही. माणसंच चुकलेली निघाली.

आता १९२७ साल घ्या. ते साल आपल्याला पाठ आहे. २० मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी, २५ डिसेंबरला तिथंच मनुस्मृतीची होळी. या दोन तारखांच्या मधे, २ मे १९२७ ला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं कॅरी बक नावाच्या गरीब गोऱ्या मुलीची नसबंदी करायला व्हर्जिनिया राज्याला परवानगी दिली. ही कॅरी दुसऱ्याच्या घरी वाढलेली. त्या घरातल्या नातलगानं तिच्यावर बलात्कार केला, दिवस गेले, तर त्या घरानं तिलाच 'मंदबुद्धी' ठरवून संस्थेत कोंडलं. तिची आई आधीच तिथं कोंडलेली. कॅरीची मुलगी काही महिन्यांची असताना कुणीतरी येऊन बघून गेलं आणि म्हणालं, हीही काही नॉर्मल दिसत नाही. झालं. आजी, आई, नात. तीन पिढ्या वेडगळ झाल्या, आता बास, अशा अर्थाचं वाक्य न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्सनं निकालात लिहिलं. नऊपैकी आठ न्यायमूर्ती एका बाजूला. ती नात, व्हिव्हियन, पुढं शाळेत गेली. १९३१ साली शाळेच्या गुणवंतांच्या यादीत तिचं नाव लागलं. १९३२ साली आजारानं मेली, आठ वर्षांची होऊन. कॅरी १९८३ पर्यंत जगली. तिला ओळखणाऱ्यांना तिच्या डोक्यात काही कमी दिसलं नाही. तिच्या बहिणीला, डोरिसला तर अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे म्हणून सांगितलं होतं. आपल्याला मूल का होत नाही हे त्या बाईला पन्नासएक वर्षांनी कळलं.

अमेरिकेत अशा साठ हजारांवर नसबंद्या झाल्या. जर्मनीत हिटलरनं १९३३ साली तसाच कायदा केला, पहिलं कारण 'जन्मजात मंदबुद्धी'. तिथं चार लाखांच्या आसपास माणसं कापली गेली. पुढं १९४० आणि ४१ मध्ये सत्तर हजारांवर अपंग आणि मनोरुग्ण गॅसनं मारले. ज्यूंसाठी गॅसच्या खोल्या नंतर आल्या, हात आधी यांच्यावर बसला होता. कट्ट्यावर 'इडियट' आणि 'मोरॉन' म्हणून खिदळणाऱ्या किती पोरांना हे माहीत असतं?

तर हे शब्द असे रक्तानं माखले आणि रस्त्यावर शिव्या झाले. मग डॉक्टरांना नवा, स्वच्छ शब्द हवा झाला. तो 'मेंटली रिटार्डेड'. म्हणजे आज जो शब्द घाण वाटतो तो सौम्य शब्द म्हणून आणलेला होता! पोरगा बिघडलेला नाही, नुसता संथ आहे, एवढंच सांगायचा शब्द. पण शाळेत त्या पोरांचा वर्ग वेगळा, खोली वेगळी, पाटी वेगळी. इतर पोरांना शब्द कुठून आला ते बरोबर कळलं. एकोणीसशे सत्तरच्या दशकापर्यंत मैदानावर 'रिटार्ड' म्हणून हाका सुरू झाल्या. घाण शब्दाला नव्हती, खोलीला होती. शब्द फक्त तिथून वाहत बाहेर आला.

त्या खोलीत कोण बसवलं होतं ते बघा. आपल्या चळवळीनं १९७२ साली पँथर हे नाव ज्यांच्याकडून घेतलं त्या ब्लॅक पँथरचं गाव ऑकलंड, कॅलिफोर्निया. खाडीपलीकडं सॅन फ्रान्सिस्को. तिथल्या काळ्या पोरांच्या आईबापांनी १९७१ साली कोर्टात दावा लावला. लॅरी पी. हे पोराचं कोर्टातलं नाव, खरं नाव झाकायला दिलेलं. कॅलिफोर्नियाच्या शाळांत काळी पोरं दहा टक्क्यांच्या आसपास, पण मंदबुद्धींच्या वर्गात ती पाव भागाच्या वर. बुद्ध्यांक ७५ च्या खाली गेला की त्या वर्गात. वर्गात वाचनगणित नावापुरतं, बाकी हात धुणं, रांगेत उभं राहणं. त्या वर्गातून परत फिरायला वाट नाही. दावा लावणाऱ्या पोरांची काळ्या मानसशास्त्रज्ञांनी, त्यांच्या बोलीत, जीव लावून पुन्हा परीक्षा घेतली, तर पोरं ७५ च्या वर! त्याच्या एक वर्ष आधी, १९७० साली, त्याच राज्यात स्पॅनिश बोलणाऱ्या शेतमजुरांच्या पोरांचा दावा तडजोडीनं मिटला होता. त्यांची अक्कल इंग्रजीत मोजली होती. स्पॅनिशमध्ये विचारल्यावर बहुतेक पोरं शहाणी निघाली. १९७९ च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅमनं निकाल दिला, काळ्या पोरांना अशा वर्गात घालायला बुद्ध्यांकाची चाचणी वापरायची नाही.

फूटपट्टी किती खोटी, याचे दोन दाखले देतो, मग पुढं जाऊ. १९७३ पर्यंत अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या व्याख्येत ८५ च्या खालचा माणूससुद्धा 'रिटार्डेड' धरता येत होता. १९७३ साली व्याख्या बदलून रेघ ७० वर आणली. लाखो माणसं एका रात्रीत बरी झाली. औषध नाही, गोळी नाही, नुसता ठराव! आणि १९६९-७० च्या सुमारास तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या समितीनंच एक अहवाल काढला, त्यात नाव पाडलं 'सहा तासांचं मंदबुद्धी मूल'. सकाळी नऊ ते दुपारी तीन शाळेत मंद आणि घंटा झाली की घरी धाकटी भावंडं सांभाळणारं, दुकानात हिशोब करणारं, गल्लीत सगळ्यांना पुरून उरणारं. हे वाचलं आणि आपल्या वाड्यावस्त्यांवरची किती पोरं डोळ्यासमोर आली. मास्तरनं 'ढ' म्हणून मागच्या बाकावर टाकलेली, हजेरी लागल्यावर ज्यांच्याकडं कुणी बघत नाही अशी. बाजारच्या दिवशी त्याच पोराला फसवून दाखवा!

दुसरी तऱ्हा फ्लोरिडाची. २००२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं, मतिमंद गुन्हेगाराला देहदंड द्यायचा नाही. फ्लोरिडानं नियम केला, बुद्ध्यांक ७० च्या वर असेल तर पुढचा पुरावा ऐकायचाच नाही. फ्रेडी ली हॉल हा काळा माणूस खुनाच्या गुन्ह्यात मृत्युदंडाची वाट बघत होता. लहानपणापासून सगळ्यांना माहीत, की हा मंद आहे. पण आकडा ७१. एका गुणानं मरणार होता. २०१४ साली कोर्टानं तो नियम मोडला, तेही नऊपैकी पाच विरुद्ध चार मतांनी. म्हणजे काळं पोरगं शाळेत बसवायचं तर ७४ ला मंद आणि काळा माणूस मारायचा तर ७१ ला शहाणा. फूटपट्टी धरणारा हात कुठला ते बघा, म्हणजे माप कळेल.

त्या २०१४ च्या निकालात कोर्टानं 'रिटार्डेशन' हा शब्द टाकून 'बौद्धिक अपंगत्व' असा शब्द घेतला. त्याच्या आधी ५ ऑक्टोबर २०१० ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी 'रोझाज लॉ' या कायद्यावर सही करून केंद्रीय कायद्यांतून 'मेंटल रिटार्डेशन' काढून टाकलं होतं. मेरीलँडमधल्या रोझा नावाच्या एका मुलीच्या घरच्यांनी ती लढाई उभी केली होती. चांगली गोष्ट झाली. आम्ही तिची टिंगल करणार नाही. पण पंधरा वर्षांनी, २०२५ च्या नोव्हेंबरात, त्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षानं, ट्रम्पनं, एका विरोधी गव्हर्नरला तोच शब्द जाहीरपणे मारला, आणि त्याच्या गोटातली माणसं 'शब्द परत आला' म्हणून खूश. कायद्याच्या पुस्तकातून खोडलेला शब्द सत्तेच्या तोंडात शाबूत होता.

इथं आम्हाला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. अवघड अशासाठी, की ती आपल्याच बाजूच्या युक्तिवादाबद्दल आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आईबापांनी कोर्टात काय सांगितलं? आमची पोरं मंदबुद्धी नाहीत. खरं होतं, सांगायलाच हवं होतं. आम्ही त्या जागी असतो तर आम्हीही तेच सांगितलं असतं. पण त्या वाक्याच्या मागं एक वाक्य दडलेलं राहतं: जी खरंच मंद आहेत त्यांचं काहीही करा. लॅरी पी. त्या खोलीतून सुटला. खोली राहिली. ज्याला पुन्हा परीक्षा घेऊनही ७५ च्या वर जाता येत नव्हतं ते पोरगं, काळं म्हणा, गोरं म्हणा, त्याच खोलीत हात धूत बसलं. त्याचा दावा कुणी लावला?

आपल्याकडंही हेच. 'तुमच्या डोक्यात हे शिरायचं नाही' असं हजारो वर्षं ऐकल्यावर आपण काय केलं? डिग्र्या दाखवल्या. मेडलं दाखवली. बाबासाहेबांची कोलंबिया दाखवली, लंडन दाखवलं. दाखवणारच, छाती फुगवून दाखवणार. पण माणूस म्हणून जगायचा हक्क जर मार्कांवर उभा केला, तर नापास झालेल्या पोरानं काय करायचं? ज्याला कधीच पास होता येणार नाही त्यानं काय करायचं? बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच. प्रत्येकाच्या पायाखाली एक पायरी असते म्हणून कुणीच जिना पाडत नाही. 'आम्ही काय रिटार्ड आहोत काय?' असं जेव्हा आपला पोरगा रागानं विचारतो तेव्हा त्याचा पाय नेमका कुणाच्या डोक्यावर असतो, ते त्यानं खाली वाकून बघावं.

आणि तो खालचा माणूस परका नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २.२१ टक्के लोक अपंग नोंदवले, अनुसूचित जातींत २.४५ टक्के. फरक आकड्यात लहान दिसतो, पण तो का पडतो ते आपल्याला ठाऊक आहे. बाळंतपण कुठं होतं, आई काय खाते, गटारात कोण उतरतं, दगडखाणीत कोण काम करतं. आपल्याच घरात कोपऱ्यात बसलेली बहीण, भाऊ, आत्या असते. पाहुणे आले की तिला आत नेतात.

आमच्यावरची एक शिवी याच खोलीतून आलेली आहे, ती आता बघू. आरक्षणाच्या कुबड्या! मंडल अहवाल १९९० साली लागू करायचं ठरलं तेव्हापासून हे शब्द ऐकून आमचे कान किटलेत. अग्रलेखात कुबड्या, गटसंमेलनात कुबड्या, 'कुबड्या फेकून मैदानात या'. यातली गंमत कुणी पाहिली का? कुबडी हे चालायचं साधन आहे. ज्याचा पाय गेला तो तिच्यावर बस पकडतो, कामावर जातो, बाजार करतो. तिच्यात लाजिरवाणं काय? पण बोलणाऱ्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं, की कुबडीवाला म्हणजे कमी माणूस. एका दगडात दोघांना मारायचं: तू लंगडा आणि लंगडा म्हणजे नालायक. याला आपण उत्तर काय देतो? 'आरक्षण म्हणजे कुबडी नव्हे!' चुकतंय. उत्तर असं द्या, की पाय कुणी तोडला ते आधी बोल. आणि कुबडी असली तर असू दे, ती काढून घ्यायला हात पुढं करशील तर ती वापरायचे दुसरेही प्रकार आहेत.

शिवीला दंड लावायची कल्पना मनूचीसुद्धा आहे, हे पुष्कळांना माहीत नसेल. त्याच्या आठव्या अध्यायात सांगितलंय, काण्याला काणा आणि लंगड्याला लंगडा, खरं असलं तरी, हिणवून म्हणणाऱ्याला दंड करा. वा! किती सुसंस्कृत माणूस. आता नववा अध्याय उघडा. जन्मांध, बहिरा, वेडा, जड बुद्धीचा, मुका, ज्याचा एखादा अवयव लुळा आहे असा, यांना बापाच्या इस्टेटीत वाटा नाही. खायला घाला, हिस्सा देऊ नका. शब्दाला दंड आणि जमिनीवर दरोडा, दोन्ही एकाच पोथीत. इंग्रजांच्या अमदानीत १९२८ साली कायदा करून या लोकांचा वाटा परत दिला, तरी जन्मापासून वेडा किंवा 'इडियट' असलेल्याला बाहेरच ठेवलं. होय, तोच गॉडार्डच्या जिन्यातला शब्द, आपल्या वारसाहक्काच्या कायद्यात! तो अडथळा गेला १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं. ज्या हिंदू कोड बिलाच्या तुकड्यांतून तो कायदा आला त्यासाठी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा कुणी दिला ते सांगायला नको.

मनूची ती रीत अजून चालू आहे. गोड शब्द द्यायचा आणि वाटा ठेवून घ्यायचा. आपल्याला 'हरिजन' दिला. १९३८ साली मुंबई विधिमंडळात तो शब्द कायद्यात घालायला निघाले तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार उठून बाहेर पडले. देवाची लेकरं म्हणायचं आणि देवळाबाहेर उभं करायचं! २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरनं अपंगांना 'दिव्यांग' हे नाव दिलं. अंग दिव्य आहे म्हणे. अपंगांच्या संघटनांनी विरोध केला, आमच्या अंगात दिव्य काही नाही, जिन्याला उतार द्या म्हणाले. त्यांचं कोण ऐकतो? आता महाराष्ट्र सरकारात २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभागच आहे. पाटी बदलली. पाटीखालचा जिना तोच.

मतिमंद म्हटलं काय, दिव्यांग म्हटलं काय, कोंडलेल्या पोरीला फरक कधी पडतो? फेब्रुवारी १९९४. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. १९२७ चं व्हर्जिनिया आणि १९९४ चं पुणे. त्या मुलींना विचारलं का, हा प्रश्नसुद्धा कित्येक शहाण्यांना हास्यास्पद वाटला. मतिमंदाला काय विचारायचं? त्या एका शब्दानं पोरीच्या तोंडातली 'नाही' काढून घेतली होती. १९७३ साली अमेरिकेत अलाबामा राज्यात रेल्फ घरातल्या बारा आणि चौदा वर्षांच्या दोन काळ्या बहिणींची नसबंदी अशीच झाली. निरक्षर आईनं कागदावर फुली मारली, तिला वाटलं पोरींना इंजेक्शन द्यायचंय. आपल्याकडं अंगठा असतो, तिकडं फुली.

कायदा काय म्हणतो तेही सांगू. १९९५ च्या अपंग कायद्यात 'मेंटल रिटार्डेशन' होतं, २०१६ च्या कायद्यात ते जाऊन बौद्धिक अपंगत्व आलं. त्या २०१६ च्या कायद्याचं ९२ वं कलम वाचा. अपंग व्यक्तीचा लोकांच्या देखत हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. हे शब्द ओळखीचे वाटले ना? आपल्या १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याचा साचा आहे तो. जातीवरनं शिवी आणि अपंगत्वावरनं शिवी, कायद्यानं एकाच मापात धरली. २०२४ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं एका सिनेमाच्या खटल्यात सांगितलं, की 'क्रिपल', 'स्पॅस्टिक' असले शब्द माणसाची किंमत कमी करतात, पडद्यावर वापरताना भान ठेवा. ठीक आहे. पण अॅट्रॉसिटीची फिर्याद नोंदवायला पोलीस ठाण्यात किती खेटे पडतात ते ज्यांना माहीत आहे, त्यांनी ९२ व्या कलमाखाली व्हीलचेअर घेऊन त्याच ठाण्याच्या पायऱ्या चढून दाखवाव्यात.

आता आपल्या भाषणांकडं. 'आंधळं सरकार, बहिरं प्रशासन, लुळंपांगळं नेतृत्व.' टाळ्या पडतात. आमचा आक्षेप नुसता सभ्यतेचा नाही. हे खोटं आहे. आंधळा माणूस काठीनं चाचपत रस्ता ओलांडतो, कुणाला धक्का लागू नये म्हणून जपतो. सरकार चाचपतंय काय? त्याला सगळं दिसतं. कुठल्या गावात कुणाचं घर पेटलं, कुणी पेटवलं, फिर्याद कुणी दाबली, सगळं. दिसत असून ते करतं. त्याला आंधळं म्हणून आपण त्याचा गुन्हा माफ करतो आणि आंधळ्याच्या माथी मारतो. बहिऱ्याला ऐकू येत नाही, मंत्र्याला ऐकायचं नसतं. मराठीत त्यासाठी चोर आहे, लबाड आहे, हरामखोर आहे, मुर्दाड आहे, बायाबापड्यांच्या ठेवणीतले याहून खमंग आहेत. कर्माला शिवी द्या, हवी तेवढी द्या. शरीराला कशाला? हाच नियम त्या इंग्रजी शब्दालाही. ज्या राजकारण्याला तुम्ही रिटार्ड म्हणता त्याची बुद्धी उत्तम चालते. तीच तर अडचण आहे.

याच्या उलटही एक बोलून ठेवू, नाहीतर आमचे इंग्रजी शिकलेले मित्र उद्या वस्तीत जाऊन शब्दांची तपासणी सुरू करतील. जी बाई 'माझं पोर येडं हाय' म्हणते आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा झाला तरी हातानं भरवते, कामावर जाताना शेजारणीच्या हवाली करते, तिला 'बौद्धिक अपंगत्व' म्हण असं शिकवायला जाऊ नका. तिचा शब्द खडबडीत आहे, तुमचा गुळगुळीत. तिला शब्द बदलून नको आहे, अपंगत्वाचा दाखला हवा आहे, ज्यासाठी तिची मजुरी बुडते. आधी दाखला काढून द्या. २०१६ च्या कायद्यात नोकऱ्यांत चार टक्के आणि सरकारी, अनुदानित कॉलेजांत पाच टक्के जागा आहेत. त्यात बौद्धिक अपंगांचाही वाटा आहे. किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? अनुसूचित जातीचा दाखला कसा काढायचा ते आपल्याला झोपेत येतं. हा दुसरा दाखलाही यायला हवा.

शब्द कुठला वापरायचा, हे विचारणारे विचारतील. आपण 'दलित' हा शब्द घेतला तो कुणी दिला म्हणून नाही, आपण उचलला म्हणून. त्यांचा शब्द त्यांनी उचलावा. या मासिकात 'रिटार्ड', 'मेंटल', 'मंदबुद्धी' हे शब्द शिवी म्हणून आलेली कविता किंवा लेख छापला जाणार नाही, मग लिहिणारा कितीही मोठा असो. 'कुबड्या' हा शब्द तुच्छतेनं आला तर तोही परत जाईल.

पुढचा अंक या विषयाला अर्धा मोकळा ठेवला आहे. ज्यांना हे शब्द मारले गेले त्यांनी लिहावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलावं, आमचा माणूस येऊन लिहून घेईल. ज्यांना बोलताही येत नाही त्यांच्या घरच्यांनी सांगावं, त्यांना समोर बसवून सांगावं, आतल्या खोलीत ठेवून नाही. शुद्धलेखन आम्ही तपासणार नाही. आणि १४ एप्रिलच्या स्टेजचं काम ज्या मंडळांकडं आहे त्यांनी मांडववाल्याला आत्ताच सांगून ठेवा, या वर्षी पायऱ्यांशेजारी फळ्यांचा एक उतार पाहिजे. मांडववाला जास्त पैसे मागेल. द्या.